चाळीस उन्हाळे

जयपाल मगदूम यांनी चाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात घातलेला नाही, ही गोष्ट मंगळवार पेठेत ध्रुवताऱ्याइतकी अढळ मानली जायची. त्यांच्या बोळातून ध्रुवतारा कुणाला दिसत नव्हता, ते सोडा. सूर्यही दुपारी चारनंतर दिसायचा नाही. समोरच्या तालमीची भिंत त्याला गिळायची. म्हणून जयपाल कॅलेंडरात सूर्यास्त बघत, मग घड्याळ बघत आणि पानावर बसत. लग्नात, मयतीत, एसटी बंद पडून निपाणीला अडकले तेव्हासुद्धा वेळ चुकली नाही.

बोळातलं घर विकून मगदूम मंडळी पाडव्याला सातव्या मजल्यावर राहायला आली. जयपालना तिथलं काही पटलं नव्हतं. लिफ्टमध्ये न दिसणारी बाई बोलायची, आणि शेजारी कोण गेलं ते व्हॉट्सॲपवर कळायचं. पण गुडघे लिफ्टच्या बाजूनं होते, त्यामुळं तक्रार मनातच राहायची.

उद्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, या चाळीस वर्षांच्या व्रताबद्दल त्यांचा सत्कार होता. आणि आज, ऐन मे महिन्यात, संध्याकाळी लाइट गेली. आत उकडत होतं म्हणून सून प्राचीनं जेवणाचं टेबल पहिल्यांदाच पश्चिमेच्या गॅलरीत ओढलं. सहा पन्नासला जयपाल ताटावर बसले, भाकरी मोडली आणि हात तिथंच थांबला. समोर पन्हाळ्याच्या अंगाला तांबडाभडक सूर्य डोंगराला टेकायला आला होता.

"ह्यो एवढा खाली कसा आला?"

"मावळतोय, मामा." प्राचीनं मोबाइल बघितला. "चारच मिनिटं हायत. जेवा पटापट."

"पंधरा. कॅलेंडरात सात-पाच हाय."

"ह्यात सहा-चोपन्न दाखवतंय."

"मग मोबाइल दुरुस्तीला टाक."

"आणि सूर्य कुठं टाकू?"

आमटीची वाटी घेऊन जयपालांची बायको पद्मावतीबाई दारात आल्या. "अहो, भांडण मागनं करा. आधी खावा की!"

खायला काहीच हरकत नव्हती. चार मिनिटांत दीड भाकरी सहज झाली असती. पण जयपाल हिशेबाला पक्के होते. आज घाईनं खाल्लं, तर मोबाइल खरा ठरणार. मोबाइल खरा, तर काल सूर्य कधी मावळला? काल ते निवांत सातला बसले होते. परवाही. हातातला घास आता घास राहिला नव्हता, साक्षीदार झाला होता.

"अर्धा गेला, मामा."

"डोंगरामागं गेला म्हंजे मावळला न्हाय! उद्या तिथं बिल्डिंग उठली तर काय दुपारीच मावळायचा?" पण आवाजात दम नव्हता. "कॅलेंडर आण."

प्राचीनं आणलं. तिघांची डोकी त्यावर वाकली. तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलं होतं: सर्व वेळा मुंबईच्या.

वर बघितलं तेव्हा डोंगर होता, सूर्य नव्हता.

"उन्हाळ्यात मुंबईला आपल्यापेक्षा धा मिनिटं उशिरा मावळतो," प्राची हळूच म्हणाली. "थंडीत जवळजवळ सारखंच असतंय." ती धीर देत होती. जयपालना फक्त उन्हाळा ऐकू आला. चाळीस उन्हाळे.

त्यांना तालमीच्या भिंतीची फार आठवण आली. त्या भिंतीनं त्यांची अब्रू राखली होती. इथं बिल्डरनं 'अखंड सूर्यास्तदर्शन' म्हणून गॅलरी विकली होती आणि शब्द पाळला होता.

त्यांनी ताट सारलं आणि बस्तीचा सेक्रेटरी अभिनंदनला फोन लावला.

"सत्कार रद्द कर. माझं व्रत मोडलंय. आज न्हाय, चाळीस वर्षं मोडतंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

पलीकडं घाईनं घास गिळल्याचा आवाज आला. सात वाजून एक मिनिट झालं होतं.

"आण्णा, बस्तीत तेच कॅलेंडर हाय. सगळा समाज त्याच्यावर जेवतोय. हे कुणाला बोललासा का?"

"अजून न्हाय."

"मग नका बोलू. मानपत्र फ्रेम होऊन आलंय."

"मला खोटा मान नको! ज्याचं व्रत खरंच टिकलंय, असा एक माणूस शोध आणि त्याला दे."

"असा कुठनं आणू मी, आण्णा?"

फोन कानाला तसाच धरून जयपाल वळले. पद्मावतीबाई त्यांचं ताट उचलत होत्या.

"आता तुझीबी उपासमार," ते म्हणाले.

"माझी कशाला? मी कवाच जेवले."

"कवाच म्हंजे?"

"साडेपाचला. रोजच्यासारखी. तुमच्या सातपातूर कोण थांबणार?"

पद्मावतीबाई चाळीस वर्षं, बारा महिने, साडेपाचलाच जेवत आल्या होत्या, कारण जुन्या घराच्या मोरीत दिवा नव्हता आणि भांडी उजेडात घासून व्हावी लागायची.