काझुए-सानची सीट

पिकतं तिथं विकत नाही ही म्हण जपानला अगदी चपखल लागू पडते. आमच्या घरमालकांची, कुरिहारा-सानची, निळी स्कायलाइन स्पोर्ट्स गाडी तीस वर्षं दाराशी उभी होती आणि टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईतलं कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. इथल्या लोकांना डब्यासारख्या चौकोनी, मुकाट चालणाऱ्या गाड्या लागतात. पण स्टेशनवरून वाट चुकून एखादा परदेशी पाहुणा आमच्या गल्लीत आला, की तो देवळासमोर थांबल्यासारखा थांबायचा. दहा फोटो काढायचा, अकरावा स्वतःसकट.

कुरिहारा-सान खाली राहतात, मी आणि माझा नवरा उदय वर. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दर रविवारी ते आणि उदय मिळून गाडी धुवायचे, आणि धुता धुता ठरलेलं वाक्य यायचं, "काझुएला वेग फार आवडायचा." काझुए-सान म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. दोघांनी या गाडीतून अर्धा जपान पालथा घातला, ते कायम उजवीकडे स्टिअरिंगवर, ती कायम डावीकडे.

या वसंतात डोळे साथ देईनात म्हणून त्यांनी आपण होऊन लायसन्स परत केलं. त्यांचा ओसाकातला मुलगा म्हणाला, गाडी विका. तेव्हा ते जिना चढून माझ्याकडे आले, कारण परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजी बोलायला या घरात मीच रिकामी.

आम्ही जाहिरात टाकली आणि दुसऱ्या दिवशी ईमेलचा पूर आला. टेक्सास, मँचेस्टर, दुबई. कुणी लहानपणी भिंतीवर या गाडीचं पोस्टर लावलं होतं, कुणी व्हिडिओ गेममध्ये ती चालवून मोठा झाला होता. माझ्या लग्नाच्या वेळी इतकी स्थळं आली असती तर मी उदयला जरा रडवून होकार दिला असता.

कुरिहारा-सान वधूपित्यासारखे बसले. किमतीचं नाव नाही. प्रत्येकाला मी त्यांचा एकच प्रश्न विचारायचा, "गाडी चालवणार की ठेवणार?" काचेच्या खोलीत ठेवतो म्हणणारे, दहा वर्षांनी दुप्पट भाव येईल म्हणणारे, सगळ्यांना नम्र नकार गेला. शेवटी न्यूझीलंडच्या हेलन नावाच्या नर्सने लिहिलं, "रोज कामावर घेऊन जाईन. पावसातसुद्धा." कुरिहारा-सान लगेच म्हणाले, "हिला द्या."

इथवर छान झालं. पण गाडी बंदरावर न्यायला ट्रक यायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "सुलेखा-सान, उद्या तुम्हीच किल्ली द्या. मी खाली येणार नाही."

मला रागच आला. पार्सल देणाऱ्या पोराचीही पाठ वळेपर्यंत वाकून उभा राहणारा हा माणूस, आणि स्वतःच्या गाडीला निरोप देणार नाही? "असं नुसतं पाठवतात का हो कुणाला!" मी घरात येऊन उदयवर ओरडले. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

मग जे कुणीच करत नव्हतं ते आम्ही केलं. सकाळी हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, भरपूर अक्षता टाकल्या, चाकांखाली लिंबं ठेवली आणि उदयने इंडियन दुकानातून आणलेला नारळ फोडला. कुरिहारा-सानचा पडदा हललासुद्धा नाही. लिंबं चिरडून गाडी ट्रकवर चढली आणि गेली. मला वाईट वाटलं, गाडीपेक्षा त्या पडद्याचं जास्त.

दोन दिवसांनी बंदरावरच्या यार्डातून फोन आला. आधी तीन वेळा माफी मागून पलीकडची बाई म्हणाली, "आपल्या गाडीत तांदूळ आहेत." वायपरच्या खाचेत तांदूळ, जाळीत झेंडू, टायरमध्ये लिंबाची बी. न्यूझीलंडच्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून तिकडे जाणाऱ्या गाडीत गवताची काडी चालत नाही, आणि आम्ही अख्खं पूजेचं ताट पाठवलं होतं. तपासणीत गाडी नापास झाली. नंबरप्लेट अजून काढली नव्हती, म्हणजे रस्त्यावर चालवायला परवानगी होती; ट्रक ती घरी आणून सोडणार होता, आणि साफ करून शनिवारपर्यंत पोचवली नाही तर बोट चुकणार होती.

मी मान खाली घालून कुरिहारा-सानना सांगितलं. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, "तांदूळ कशासाठी टाकतात?"

"सुखरूप जावी म्हणून."

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. मग कुरिहारा-सान आतून जुना टूथब्रश घेऊन आले आणि दिवसभर एकेक दाणा टिपत राहिले.

शनिवारी ट्रक मिळेना. प्रश्न आला, चालवणार कोण? उदयचं इथलं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं. माझे बाबा सांगलीत ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे, मी गिअरवरच वाढले, इथलं लायसन्सही गिअरचंच काढलं होतं. कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, एका दिवसाचा विमा काढला आणि स्टिअरिंगवर बसले. फेरतपासणीला मालकाची सही हवी होती, म्हणून कुरिहारा-सानना यावंच लागणार होतं. ते सवयीने उजव्या दाराशी आले, मला पाहून थबकले, आणि वळसा घालून डावीकडे गेले. तीस वर्षांत त्या सीटवर ते कधीच बसले नव्हते.

खाडीकाठचा मोठा रस्ता लागला तशी गाडी खुशीत आली. काझुए-सानना आवडायचा ना वेग, म्हणून मीही जरा पाय दाबला. वळण आलं. शेजारून खसकन आवाज झाला. कुरिहारा-साननी उजवा पाय खाली रोवला होता, जणू तिथे ब्रेक आहे. उदयच्या शेजारी बसून मीही हेच करते, म्हणून मला हसू आलं. ते मात्र खाली बघत होते.

त्यांच्या बुटाखाली मॅट झिजली होती. बरोबर तेवढीच, पायाच्या चवड्याएवढी, दोरे दिसेपर्यंत.

"मला वाटायचं तिच्या टाचेने झिजली," ते म्हणाले. "मी दर रविवारी झाडायचो." त्यांनी वाकून त्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. "इतकी भ्यायची. एकदा सांगायचं तरी."

"तुम्हाला आवडायचं म्हणून नसेल सांगितलं," मी म्हटलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रस्ता तर समोर होता.

"सुलेखा-सान, हळू चालवाल का? आज हळू जाऊ."

मी सगळ्यात डावी लेन धरली. मागून ट्रक, बस, डब्यासारख्या गाड्यासुद्धा आम्हाला ओलांडून गेल्या. कुरिहारा-साननी काच खाली केली आणि समुद्राच्या वाऱ्यात बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, पाय त्या झिजल्या जागेवर.

यार्डात गाडी पास झाली. फाटकाआड दिसेनाशी होईपर्यंत कुरिहारा-सान कमरेतून वाकून उभे होते. डावी मॅट त्यांनी आधीच काढून घेतली होती. हेलनला कळवलं, एक मॅट कमी आहे, माफ कर.

परतीच्या ट्रेनमध्ये ती गुंडाळी मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले. निशी-कसाई आलं, ब्रेक लागला, आणि आम्ही दोघांनी एकदमच उजवा पाय दाबला.