मागच्या वर्षीची मापं

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या दुकानातला जुना मॅक्रो आहे. मॅक्रो म्हणजे काय, हे गिऱ्हाइकंही विचारतात आणि उत्तर न ऐकताच गळ्याचं माप द्यायला मान वर करतात. तुम्ही तरी ऐका. मी म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेले हुकूम. बटण दाबलं की मी जुन्या फाईलमधली सगळी सूत्रं उचलतो आणि नव्या फाईलमध्ये जागच्या जागी नेऊन ठेवतो. छाती, उंची, बाही भरली की कापड किती आणि कुठे कापायचं, हे ती सूत्रं सांगतात.

मला लिहिलं शिंप्याच्या सूनबाईंनी. आधी त्या एकेक सूत्र उचलून डकवत बसायच्या आणि मान धरली की ओढणी गरम करून शेकायच्या. मी आल्यावर ते काम चहा गाळून होईपर्यंत उरकायला लागलं. काय ते माझं कौतुक! शेजारचा इस्त्रीवाला मला खास बघायला आला. माझ्यात बघण्यासारखं काहीच नाही, तरी त्याने मान डोलावली.

सासरेबुवांना मात्र मी डोळ्यांसमोर नको होतो. “कानामागून आला आणि तिखट झाला,” म्हणायचे. शाळेच्या बँडचे कोट यंदाही आमच्याकडेच आले, तेव्हा त्यांनी बजावलं, “सूनबाई, एक कोट जरी चुकला, तरी तुझा हा डबा माळ्यावर जाईल.”

सूनबाईंचा चेहरा एवढासा झाला. माझं तर अवसानच गळालं. माळ्यावर गेलेलं काही खाली आल्याचं मी ऐकलेलं नाही.

सासरेबुवांनी मुलांची नवी मापं घेतली, सूनबाईंनी ती नव्या फाईलमध्ये भरली आणि माझं बटण दाबलं. मी छाती काढून कामाला लागलो. पण घात झाला! सूत्रं नव्या घरी नांदायला आली खरी, पण माप विचारायला जुन्या फाईलकडे, म्हणजे माहेरीच जात राहिली. सांगितलं तेवढं करायचं, डोकं चालवायचं नाही, हा माझा बाणा. त्या आकड्यांवर सासरेबुवांनी कात्री चालवली.

कार्यक्रमाच्या सकाळी मुलं दुकानात कोट घालायला आली. बाह्या कोपरापर्यंत चढल्या. बिगुलवाल्याने श्वास घेतला आणि बटण उडून आरशावर आदळलं. बँडच्या बाई मटकन खाली बसल्या. मुलं वर्षभरात वाढली होती, कोट मात्र मागच्या वर्षीच्या मापांचे निघाले.

“रांगेत उभे राहा, उंचीप्रमाणे!” सूनबाई ओरडल्या. “प्रत्येकाने आपल्याहून एक नंबर उंच मुलाचा कोट घाला!”

आणि काय सांगू, बसले की हो कोट! सगळ्यात लहान कोट तेवढा उरला आणि सगळ्यात उंच ढोलवाला उघडा पडला. सासरेबुवांनी अंगातला कोट काढून त्याला चढवला. रंग वेगळा होता, पण पुढे ढोल होता.

मुलं गेली. सूनबाई डोळे पुसत कॉम्प्युटरची वायर काढू लागल्या.

“काय चाललंय?” सासरेबुवांनी विचारलं.

“माळ्यावर ठेवते, बाबा. तुम्हीच म्हणाला होतात.”

“नवी मापं कोणी घेतली?”

“तुम्ही.”

“आणि कापड कोणी कापलं?”

सूनबाईंनी त्यांच्या कात्रीकडे बघितलं.

“याला डोळे नाहीत, पोरी. मला आहेत ना? बोटभर पोरांचे कोट कापतोय, हे मला दिसू नये? माळ्यावर टाकायचं तर आम्हा दोघांना टाक. आणि माझे गुडघे काही तिथवर चढायचे नाहीत. लाव ती वायर.”

सूनबाई हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. तेवढं मला लिहून दिलेलं नाही.

मित्रांनो, बटण खुशाल दाबा. पण दाबून चहाला जाऊ नका. आम्ही कुठे बघतोय, ते एकदा बघा. आम्ही सांगितलेलं अगदी चोख करतो, भीती त्याचीच आहे.