चावरी

घानातल्या कुमासीत फुफूचा मऊ, चिकट गोळा चावून खाल्ला की माणूस कामातून गेला. केरूबोला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती केनियाहून एका सत्रापुरती शिकायला आलेली. तिच्या घरी मक्याच्या घट्ट उगालीचा घास सगळे चांगला चावून खात. पहिल्याच दुपारी मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत तिने रश्श्यात बुडवलेला घास तोंडात टाकला आणि चावू लागली. अख्खं टेबल तिच्या जबड्याकडे बघत राहिलं.

“अगं गिळ. दात नाही लावायचे,” तिच्या खोलीतली पोकुआ कुजबुजली.

“गुठळी आहे यात,” केरूबो म्हणाली, आणि तीही मोठ्याने.

झालं. खानावळीच्या सेरवा मावशी पळी घेऊनच बाहेर आल्या. “माझ्या फुफूत गुठळी? वीस वर्षं कांडतेय मी. दात शिवशिवत असतील तर पाव खा, बाई.”

पोरी पोट धरून हसल्या आणि तिचं नाव पडलं चावरी. केरूबोही हट्टाची. नऊ दिवस तिने खोलीत पाव-अंडी खाल्ली आणि रडूनही तिथेच घेतलं. परत जायचा अर्ज भरून झाला होता. सोमवारी कचेरीत द्यायचा. पण रोज साडेदहाला तिची पावलं स्वयंपाकघराच्या खिडकीशी वळायची. वसतिगृहातलीच आफ्रिये मुसळ घालायची, पोकुआ उखळाशी बसून दोन घावांच्या मधे हात घालून गोळा फिरवायची. ते बघताना केरूबोची बोटं आपोआप हलायची.

शनिवारी वसतिगृहांची फुफू कांडायची स्पर्धा; आधी उरकणाऱ्याची वाहवा, पण निकाल परीक्षकाच्या घासावर. समोर मुलांचं वसतिगृह, लागोपाठ तीन वर्षांचं विजेतं, आणि त्याचा माज वेगळाच. नेमकं त्याच सकाळी सरावात पोकुआचं बोट मुसळाखाली आलं.

“आता फिरवणार कोण?” आफ्रिये हवालदिल झाली. कुणीच पुढे येईना. बोटं सगळ्यांनाच प्यारी.

“मी फिरवते,” केरूबो म्हणाली.

“चावरी?” कुणीतरी फिसकन हसलं. मावशींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि हात भिजवायला पाण्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

मैदानावर उकडलेली कच्ची केळी आणि उकडलेला कसाव्याचा कंद उखळात पडला. पहिल्या घावाला तिचा हात आखडला, दुसऱ्यालाही. मग तिला लहानपणचा दोरीवरच्या उड्यांचा खेळ आठवला. दोघी फिरवत असलेल्या दोरीत शिरायचं तर दोरीकडे बघायचं नाही, ठेका ऐकायचा. तिने मुसळाकडे बघणं सोडलं. घाव, हात, घाव, हात. पोरी टाळ्यांनी ठेका धरू लागल्या.

गोळा जमत आला आणि तिच्या बोटांना काहीतरी टोचलं.

“थांब,” ती म्हणाली.

“वेडी झालीस? ते पुढे जातील,” आफ्रिये धापा टाकत ओरडली.

“जाऊ देत. थांब.”

मुलांनी हुर्यो उडवली. केरूबोने शांतपणे गोळा चाचपून कसाव्याची बोटभर शीर ओढून काढली, मग आणखी एक. तोवर मुलांचा गोळा ताटात पडला होता आणि मुलं नाचायलाही लागली होती.

परीक्षक होते जुने वॉर्डन बोआतेंगसाहेब. त्यांनी मुलांच्या ताटातला घास उचलला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि गिळता गिळता अडले. सगळ्यांदेखत त्यांचा जबडा हलू लागला.

“साहेब चावतायत,” पोकुआ किंचाळली, आणि मैदान हसून लोटपोट झालं.

मुलींच्या ताटातला घास साहेबांच्या घशाखाली कधी गेला, त्यांनाही कळलं नाही. त्यांनी दुसरा मागून घेतला. मग काय, चावरी, चावरी म्हणत पोरींनी केरूबोला खांद्यावरच घेतलं.

ती खाली उतरली तेव्हा मावशी बकऱ्याचा तिखट रस्सा आणि फुफू घेऊन उभ्या होत्या. केरूबोने घास तोडला, बुडवला आणि गिळला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी लगेच दुसरा तोडला.

“त्या दिवशी गुठळी होती गं,” मावशी हळूच म्हणाल्या. “चुलीजवळ जाऊन मीपण चावून बघितली होती.”

केरूबो खुदकन हसली.

“सोमवारी साडेदहाला ये. गोळा तूच फिरवायचास.”

“येते, मावशी,” ती भरल्या तोंडाने म्हणाली.