मी बोट नाही, पंगतीची कढई

मी कढई बोलून राहिली. हो, तीच. तुमच्या मोबाइलमधली. जिच्यात चार माणसं अन् एक बकरी बसते, जी शेवटी तलावात गुडूप होते आणि तुम्ही पोट धरधरून हसता, ती. हसून झालं असेल तर जरा माझंही ऐका. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. माझं सारं आयुष्य चुलीवर गेलंय.

मी बोट नाही. माझ्या बापजन्मात कोणी बोट नव्हतं.

माझा जन्म अकोल्याचा. अब्दुल सत्तार मिस्त्रींनी लोखंडी पत्रे तापवून, ठोकून, रिबिटं मारून मला घडवलं. सात फूट रुंद, चार कड्या. उचलायला आठ गडी लागतात. मला न्यायला आमच्या गावचे नत्थुजी आचारी आले होते. हिवरखेडजवळचं आमचं गाव. तिथल्या महादेवाच्या मंदिरात दर हिवाळ्यात रोडग्यांची पंगत होते. कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि वांग्याची भाजी माझ्यात शिजवायची. गाडीत चढवताना सत्तार मिस्त्री म्हणाले, "नत्थुभाऊ, ये हजार लोगों का पेट है. इसमें हाथ जाए, पैर नहीं जाना."

नत्थुजींनी तो शब्द तीस वर्षं पाळला. पंगत उठली की स्वतः राखेनं घासायचे, तेलाचा हात फिरवायचे. त्यांचा लांब दांड्याचा सराटा माझ्या अंगावर फिरायला लागला की वास पार वेशीपर्यंत जायचा. दोन-दोन क्विंटल वांगी शिजवली मी. एकदाही भाजी करपू दिली नाही.

पाय फक्त एकदाच लागले. त्या साली नाल्याला पूर आला, नत्थुजींची सून पोटुशी, कळा सुरू झालेल्या. पलीकडे दवाखाना, मध्ये पाणी. तेव्हा गावानं मला पाण्यात लोटलं, तिला आत बसवलं आणि पोहणाऱ्या गड्यांनी कड्या धरून पलीकडे नेलं. मी ब्र काढला नाही. पोटातलं लेकरू सुखरूप जन्माला आलं. तीच ही प्रणाली, नत्थुजींची नात. लहानपणापासून घरी तिला चिडवायचे, "तू तर कढईत बसून आली व पोरी!"

अन् हीच पोरगी माझ्यावर उलटली.

ती अमरावतीला कॉलेजात शिकते. तिथं तिनं मित्रांबरोबर सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट काय, तर वऱ्हाडातलं एक कुटुंब. बापानं जन्मात समुद्र पाहिलेला नाही, म्हणून बायको, सासू, पोरगा आणि बकरी घेऊन तो नावेतून समुद्राला निघतो. आता आमच्याकडे नाव कुठून आणणार? प्रणालीला मी आठवले. आली अन् आजोबांच्या गळ्यात पडली, "आबा, चार दिवसांसाठी कढई द्या ना!"

नत्थुजी पाघळले. नातीपुढं भल्याभल्यांचं चालत नाही. पण मला विचारलं कोणी?

तलावावर नेऊन माझ्यात बांबू उभा केला, त्याला फुलाफुलांची चादर बांधली, म्हणे शीड! बापाचं काम करणारा स्वप्निल नावाचा पोरगा चपला घालून माझ्यात उतरला. चपला! जिथं लोक बोट बुडवून भाजीची चव घेतात, तिथं. बकरीनं तर काय केलं ते सांगत नाही, तुम्ही जेवणारी माणसं आहात. वर या स्वप्निलला वल्हं मारता येईना. आम्ही गोल गोल फिरलो तर म्हणतो कसा, "कढईच वाकडी हाये राजेहो!" नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

इथवर मी गिळलं. चौथ्या दिवशी स्वप्निल ड्रिल मशीन घेऊन आला. नाव फुटते आणि पाण्याचं कारंजं उडतं, असं दाखवायचं होतं. प्रणाली क्षणभर थांबली. मग म्हणाली, "लहानच पाड बरं." आणि त्यानं माझ्या पोटाला भोक पाडलं. अंगठा जाईल एवढं.

सिनेमात बाप त्या भोकात शिदोरीतला रोडगा ठोसतो. कारंजं थांबतं, सगळे टाळ्या वाजवतात. थोड्या वेळानं त्याला भूक लागते आणि तो तोच रोडगा उपसून खातो. मग बकरीसकट सगळे पाण्यात. मोबाइलवर सिनेमा आला आणि अख्खं अकोला, अख्खी अमरावती हसली. खाली लोकांनी लिहिलं, "काय भंगार कढई हाये!" भोक पाडणाऱ्याला काही नाही आणि मी भंगार. चोर सोडून संन्याशाला सुळी!

खरं दुःख पुढंच आहे. पंगत दोन महिन्यांवर आली तसं नत्थुजी म्हणाले, कढई अकोल्याला नेऊन भोक बुजवून आणू. मंदिर समितीचे अध्यक्ष खुशालराव म्हणाले, "बुजवू नका. हिवरखेड-तेल्हाऱ्याहून लोक पाहाले येऊन राहिले. बुजवलं तं पाहाले कोन येईन?"

"अन् भाजी कशात शिजवू?"

"मंडप-बिछायतवाल्याची अल्युमिनिअमची आनू ना किरायानं!"

मला निळा रंग फासला, बसथांब्यावर मांडलं आणि वर पाटी लावली, 'सेल्फी पॉइंट'. पोरी माझ्यात बसून ओठांचे चंबू करायच्या. पोरं भोकात बोट घालून फोटो काढायची. ज्या गावाच्या तीन पिढ्यांची पोटं मी भरली, त्या गावाला माझं फक्त भोक दिसत होतं. निळा रंग फासलेली कढई चुलीवर कोण ठेवणार? माझी चूल गेली, हे मला कळून चुकलं.

नत्थुजींनी सराटा आढ्याला खोचला आणि सांगून टाकलं, "यंदा मी भाजी रांधत नाई." पंगतीची भाजी रांधणं, सत्तरीच्या माणसाचा तो एकच मान होता. रोज सकाळी येऊन माझ्याजवळ बसायचे, निळ्या रंगावर नखानं ओरखडे काढायचे अन् उठून जायचे.

पंगतीच्या चार दिवस आधी प्रणाली आली. सिनेमाचा दुसरा भाग काढायचा होता आणि तिला मी हवी होते, भोकासकट. आजोबा माझ्याजवळ बसलेले. ती बोलत होती, ते बोलेनात.

"आबा, कावून बोलत नाई तुमी माह्यासंगं?"

नत्थुजींनी निळ्या रंगावर आणखी एक ओरखडा काढला. मग म्हणाले, "तुह्या मायले हिनं पुरातून काढलं. तू हिच्या पोटात होती पोरी, अन् हिच्याच पोटाले भोक पाडलं तुमी. अन् हसले."

प्रणालीनं मान खाली घातली. तिनं माझ्याकडं पाहिलं, कॅमेऱ्यातून नव्हे, नुसत्या डोळ्यांनी. हात लावला, त्या भोकाला. मग ती उठली, रॉकेल आणि चिंध्या घेऊन आली आणि रंग खरवडायला लागली. खुशालराव धावत आले, "अवो बाई, हे काय करून राहिली? गावाची चीज हाये ते!"

"गावाचीच हाये काका. म्हनूनच."

संध्याकाळी टेम्पोतून मी अकोल्याला पोचले, सोबत नत्थुजी आणि प्रणाली. सत्तार मिस्त्री आता थकलेत, दुकान मुलगा सांभाळतो. पण मला पाहून ते काठी टेकत बाहेर आले. भोकावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बोला था ना मैंने, पैर नहीं जाना?"

"मीच लावला पाय, चाचा," प्रणाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यांनी मुलाला हात लावू दिला नाही. स्वतः रिबिट मारलं. आम्ही निघताना म्हणाले, "पहली बार थोडी टपकेगी. नीचे से आटा लगा देना. तेल पिएगी तो आप ही बंद होगी."

आज पंगत. सकाळी मला चुलीवर चढवलं, पाणी ओतलं. गाव गोळा झालं. रिबिटाच्या कडेनं एक थेंब आला आणि गोवरीवर पडला.

"पाहा! म्हनत होतो ना मी, बुजवू नका?" खुशालराव म्हणाले.

नत्थुजींनी रोडग्याच्या कणकेतला एक गोळा घेतला, चुलीत वाकले आणि खालून लिंपून दिला. थेंब थांबला. तेवढ्यात मैनाबाई म्हातारी ओरडली, "नत्थुजी, आता भूक लागली तं तो गोळा खाऊ नका म्हंजे झालं!"

अन् सारं गाव हसलं. प्रणाली रडता रडता हसली. नत्थुजीसुद्धा हसले, सराटा हातात घेऊन.

राग माझा गेला, असं समजू नका. चपलांचा गेला नाही, बकरीचा तर मुळीच नाही. पण आता जाळ लागलाय, तेल तापलंय, वांगी पडताहेत आणि वास वेशीकडं निघालाय. तेव्हा बाप्पा, हसायचं तर खुशाल हसा. फक्त आधी चपला काढा, पंगतीत बसा आणि पोटभर जेवून घ्या.