सोमवारचा भोंगा

दर सोमवारी बाराच्या ठोक्याला गावचा भोंगा वाजायचा. खरा नव्हे, तपासणीचा. वादळाच्या दिवसांत ऐन वेळी त्याने दगा देऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा मिनिटभर त्याचा गळा मोकळा करून घेत. मार्लिन स्टकी त्यावर मनगटातलं घड्याळ लावायचा आणि त्याची बायको लव्हॉन त्यावर सूप वाढायची. कॅन्ससच्या त्या टापूत सोमवारच्या भोंग्याला दचकणारं घर शोधून सापडलं नसतं. कुत्रीसुद्धा त्या दिवशी भुंकायची नाहीत.

त्या सोमवारीही भोंगा वाजला. लव्हॉनने घेवड्याच्या शेंगांचं सूप वाढलं, मार्लिनने डोळे बारीक करून घड्याळाचा काटा पुढे सरकवला.

"दोन मिनिटं मागे पडलंय," तो म्हणाला.

"घड्याळ की तू?"

"मी तर कधीचाच मागे पडलोय. बन दे इकडे."

तिने बन दिला. त्याने तो सूपात बुडवला. बन संपला, तरी भोंगा चालूच. लव्हॉनचा चमचा तोंडाशी थांबला. तिने खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आभाळ नुसतं काळं नव्हतं, मोठ्या वादळाआधी होतं तसं हिरवट झालं होतं. आभाळ भरलेलं असलं की तपासणी घेत नाहीत, लोकांची फसगत नको म्हणून, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि ही दोघं, मिळून दीडशे वर्षांची, खुशाल सूप ओरपत बसली होती! मोलाची चार मिनिटं पोटात गेली.

"मार्लिन, खरा आहे हा! ऊठ, चल खाली!"

मार्लिन उठला आणि टोपी घालून व्हरांड्याकडे निघाला. यात नवल काहीच नव्हतं. त्या भागात भोंगा वाजला की बायका तळघरात आणि पुरुष व्हरांड्यात, ही रीतच. ढग कुठे आहे, त्यातून वावटळीचं शेपूट जमिनीकडे आलं का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाप्यांच्या जिवाला चैन नाही. मार्लिन एकोणपन्नास वर्षं हेच करत आला होता. ती खालून शिव्या घालायची आणि तो अगदी शेवटच्या क्षणी धडधडत जिना उतरून यायचा, वर हसायचा. या एप्रिलात मात्र दोन वेळा भोंगा झाला आणि दोन्ही वेळा तो खाली आलाच नाही. वादळ लांबून गेलं म्हणून निभावलं. लव्हॉनने तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता.

आता ती टॉर्च आणि रेडिओ घेऊन जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होती. "आज तुझी नाटकं नकोत हं मला!"

"तू हो पुढे. आलोच मी."

ती वळली आणि थबकली. मार्लिन ढगाकडे बघतच नव्हता. ढगाकडे पाठ करून, दाराची चौकट धरून तो जिन्याकडे बघत होता. घाबरून.

"काय झालं?"

"काही नाही. उतर तू."

"मार्लिन!"

"मला हा जिना उतरता येत नाही, लव्हॉन." तो एका दमात बोलून गेला. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकदा करून बघितलं, तू चर्चला गेली होतीस तेव्हा. तिसऱ्या पायरीवर अर्धा तास अडकलो. ना खाली, ना वर."

"म्हणजे एप्रिलात..."

"माझ्या नादात तू अडकली असतीस. तू खाली सुखरूप असलीस की मला बरं वाटतं."

लव्हॉनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या म्हाताऱ्याच्या एक ठेवून द्यावी आणि मग त्याला घट्ट मिठी मारावी, असं एकाच वेळी वाटलं तिला. वेळ दोन्हीला नव्हता.

"म्हणजे मी खाली बसून तुला शिव्या घालायच्या आणि तू वर उडून जायचं, असा बेत होता तर! पन्नास वर्षं संसार केला तो यासाठी?"

"एकोणपन्नास."

"तोंड बंद कर आणि खाली बस."

"काय?"

"बूड टेक त्या पायरीवर! आपला कार्ल रांगायचा तेव्हा कसा उतरायचा? तसाच उतर. मी तुझ्या पुढे आहे."

"लव्हॉन, तू जा. हात जोडतो."

"तू वर राहिलास तर मीही इथेच. ठरव काय ते, पण लवकर."

तो बसला. पाय लांब करून, दोन्ही हात मागे टेकून एकेक पायरी घसरू लागला. ती उलटी उतरत त्याचा ऑपरेशनचा पाय दोन्ही हातांनी धरून खाली ठेवत होती. दर पायरीला तो कण्हायचा आणि दर पायरीला ती म्हणायची, "शाब्बास, अजून एक." जिना त्यानेच बांधलेला, तेरा पायऱ्यांचा, उभा आणि अरुंद. "कुठल्या गाढवाने बांधलाय हा?" नवव्या पायरीवर तो धापा टाकत म्हणाला. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी भोंगा बंद पडला. वीज गेली होती. आता वरून नुसता घरघराट ऐकू येत होता, एखादी मालगाडी शेतातून यावी तसा.

उरलेल्या चार पायऱ्या दोघं कशी उतरली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने त्याला पीचच्या बरण्यांच्या फळीखालून ओढत कोपऱ्यात नेलं, वरून गोधडी घेतली आणि त्याचं डोकं छातीशी धरून बसली. घर करकरलं. वर काचा फुटल्या. धूळ पडली. मार्लिन काहीतरी पुटपुटत होता, प्रार्थना असावी, पण त्यात मधूनमधून तिचंच नाव येत होतं.

मग सगळं शांत झालं.

थोड्या वेळाने वर बुटांचा आवाज आला. "कुणी आहे का? मार्लिनकाका! लव्हॉनकाकू!" शेजारचा गेलन उनरू होता. लहानपणी मार्लिनच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर चालवायला शिकलेला. आता स्वतःच पन्नाशीला आला होता.

मार्लिनने तिचा हात दाबला. "त्याला सांगू नकोस. ठीक आहोत म्हण, जाईल तो."

"आणि तू वर कसा येणार?"

"बघू. एक-दोन दिवसांनी."

"काकू! तुमच्या कोठाराचं छप्पर माझ्या गव्हात येऊन पडलंय!" गेलन ओरडला. "तुम्ही दोघं बरी आहात ना?"

 अंधारातच लव्हॉनने मार्लिनच्या डोक्यावरची धूळ झटकली.

"लाज गेली तर चार दिवसांत परत येते, मार्लिन. तू गेलास तर तुला मी कुठून आणू?"

 वर गेलनची पावलं दाराकडे वळली, तेव्हा मार्लिनने घसा खाकरला.

"गेलन! खाली ये जरा, बाबा! मला जिना चढता येत नाही!"

"आलो, आलो, काका!"

एवढा वेळ डोळ्यांत टिपूस न काढलेली लव्हॉन तेव्हा मात्र गोधडीत तोंड खुपसून ढसाढसा रडली.