झोपेच्या औषधाचा पेला

मी एक काचेचा पेला बोलतोय. अंगठ्याएवढा, अंगावर मापाच्या रेषा असलेला. जालन्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं.

गिरधारीलाल डॉक्टरांनी मला १९८९ च्या सुमारास आणलं. त्याआधी खुर्चीत लेकरू किंचाळायचं, बाप त्याचे पाय धरायचा, मामा डोकं दाबायचा आणि डॉक्टर दात ओढायचे. ते त्यांना बघवेना. मग ते लेकराचं वजन करून माझ्यात झोपेचं गोड औषध ओतू लागले. लेकरू पेंगुळलं की हलक्या हाताने काम उरकायचे आणि ते उठून बोलू लागेपर्यंत घरी सोडत नसत. किती इवलेसे ओठ मला लागले! मला माझ्या कामाचा अभिमान होता.

एके दिवशी टेंभुर्णीहून भुजंग आणि नंदाबाई आपल्या चार वर्षांच्या लेकीला, केशरला, घेऊन आले. गाल सुजून तिचा एक डोळा मिटला होता.

"कडू हाये का?" तिनं आईला विचारलं. आई नाही म्हणाली. केशरनं मला दोन्ही हातांत धरून सगळं औषध पिऊन टाकलं.

दाढ निघाली. केशर झोपलेलीच होती. भुजंग घाईला आला. "शेवटची गाडी हाये, डॉक्टरसाब. मांडीवर निजवून नेतो की."

बाहेर पेशंट खोळंबले होते. जाग येते का बघायला डॉक्टरांनी केशरच्या गालाला चिमटा काढला. ती कण्हली.

"बरं, जा," ते म्हणाले.

काही दिवसांनी नंदाबाई एकटीच आली. भांडली नाही. खुर्चीच्या हाताला धरून म्हणाली, "गाडीत तिची मान छातीवर पडल्ती. मला वाटलं, बिलकुल गाढ झोपली. लोक जोरात बोलू राह्यले, तर मीच त्यांला म्हणत होते, हळू बोला, पोरगी उठंल. गाव आलं, मंग हात लावला तर अंग गार."

गुंगीत मान वाकून केशरचा श्वास कोंडला होता, हे डॉक्टरांना कळलं. त्यांनी हात जोडले. नंदाबाई निघून गेल्यावरही ते तसेच उभे होते.

औषध बंद झालं. लेकरांना पुन्हा दाबून धरू लागले. मी कपाटात धूळ खात पडलोय. किंकाळ्या इथपर्यंत येतात.

मला पुन्हा हातात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण घेतलंत, तर लेकरू आपणहून डोळे उघडून आईला हाक मारेपर्यंत त्याला उंबऱ्याबाहेर नेऊ नका. गाडी चुकली तर चुकू द्या.