मी नव्याण्णववर ओरडतो

मी एक मॉनिटर बोलतोय. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत, काचेच्या पेटीशेजारी माझी जागा. बाळाच्या पावलाला माझा लाल दिवा गुंडाळतात आणि रक्तात ऑक्सिजन किती, ते मी आकड्यात दाखवतो. सिस्टर मला ‘भोंगा’ म्हणतात. म्हणोत बापड्या.

कारखान्यात मला एवढंच कळलं होतं, की आकडा घसरला की बोंब ठोकायची. इथे आलो तर सिस्टरनी आकडा फार चढला तरी ओरडायची ताकीद दिली. कमी झालं तरी रड, जास्त झालं तरी रड! मी पार गोंधळून गेलो.

अशात राणीसाहेब आल्या. नाव सिस्टरनी ठेवलेलं. बाई होत्या ओंजळीत मावतील एवढ्या. वडील शाळेत गणिताचे मास्तर. आत आले की मुलीआधी माझ्याकडे बघायचे. एका दुपारी मी नव्याण्णव दाखवले आणि त्यांचा चेहरा खुलला. मी मात्र नियमाप्रमाणे बोंबललो. सिस्टरनी धावत येऊन ऑक्सिजन कमी केला. आकडा त्र्याण्णववर आला.

“अहो, पोरीचे मार्क का कापता?” मास्तर चिडले.

“मास्तर, हा पेपर वेगळा आहे. वरून दिलेला ऑक्सिजन जास्त झाला, तर डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या शिरा वेड्यावाकड्या वाढू शकतात. नजर जाऊ शकते.”

मास्तरांनी मान डोलावली, पण त्यांना पटलं नव्हतं. मलाही कुठे पटलं होतं? सिस्टर दुसऱ्या बाळाकडे वळताच त्यांनी हळूच ऑक्सिजनचं बटण फिरवलं. मी ओरडलो, तर माझा आवाज बंद केला. वर मला थोपटलं! सगळं मायेपोटी चाललेलं, मग राग धरावा तरी कोणावर? मी नुसता कपाळावरचा लाल दिवा मिचकावत राहिलो. सुदैवाने तो सिस्टरना दिसला. मास्तरांना शाळेतल्या पोरासारखी बोलणी बसली.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टर आल्या. त्यांनी थेंब टाकून भिंगातून पाहिलं.

“शिरा अजून पुरत्या वाढलेल्या नाहीत. बिघाड दिसलाच, तर वेळेत उपचार करता येतो. पण तपासणी चुकवायची नाही.”

“डोळे तर किती टपोरे दिसतात!” मास्तर म्हणाले.

“बाहेरून सगळ्यांचेच दिसतात.”

मास्तरांनी ऑक्सिजनच्या बटणाकडे बोट दाखवलं. “मी ते बटण फिरवलं होतं, त्याने काही...?”

“ते मीही सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

त्यानंतर आकडा जरा चढला, की माझ्याआधी मास्तरच ओरडायचे, “सिस्टर, जास्त झाला!”

मग राणीसाहेबांचा ऑक्सिजन काढला. मी घाबरत घाबरत नव्याण्णव दाखवले, तर सिस्टर म्हणाल्या, “शाब्बास!” तीच पोर, तोच आकडा! माझं डोकंच चालेना.

“आता हे मार्क तिच्या स्वतःच्या श्वासाचे आहेत,” त्यांनी समजावलं.

“म्हणजे आधीचे कॉपी करून मिळवलेले!” मास्तर हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

ती घरी गेली, तरी मास्तरांनी एकही तपासणी चुकवली नाही. शेवटच्या तपासणीनंतर तिला कडेवर घेऊन ते आमच्या खोलीच्या काचेपाशी आले. सिस्टरनी नजरेनेच विचारलं. मास्तरांनी फक्त मुलीला माझ्याकडे वळवलं.

तुमच्या घरी असं घाईने आलेलं बाळ असेल, तर टपोऱ्या डोळ्यांवर जाऊ नका, तपासून घ्या. आणि मी ओरडलो तर माझं तोंड दाबू नका. मला अजून सगळं उमगलेलं नाही. पण त्या दिवशी काचेपलीकडून राणीसाहेबांनी माझा लाल दिवा पाहिला आणि तो धरायला हात पुढे केला.